घड्याळजींच्या डोळ्याचे भिंग

मी एक जुने भिंग आहे. घड्याळजी मला उजव्या डोळ्याच्या खाचेत अडकवतात, आणि कणीएवढा स्क्रू त्यांना खिळ्याएवढा दिसतो. मित्रांनो, पस्तीस वर्षे आम्ही एकाच टेबलावर काढली. गिऱ्हाइके त्यांच्या हाताचे कौतुक करत. माझे कोणी करत नसे, पण दुकान बंद करताना घड्याळजी मला मऊ कापडाने पुसत. तेवढे मला पुरे होते.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज, आणि महिन्याला रक्ततपासणी. दोन्हींत त्यांनी कधी हयगय केली नाही.

एकदा त्यांची थोरली बहीण त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी हाडांच्या गोळ्यांची बाटली घेऊन आली. डॉक्टरांना विचारतो, असे ते म्हणाले.

"अरे, हे काय औषध आहे? नुसतं व्हिटॅमिन. मी वर्षभर घेतेय, मला काही झालं का?"

ताईपुढे त्यांचे कधीच चालले नाही; डॉक्टरांना न विचारताच त्या गोळ्या सुरू झाल्या. बाटली माझ्यापासून वीतभर अंतरावर उभी राहिली. तिच्या पाठीवर मुंग्यांसारखी बारीक अक्षरे होती. मला कोणी उचलून धरले असते तर! मी नुसते पडून होते.

त्या महिन्यात कामाची गर्दी होती, म्हणून पहिल्यांदाच तपासणी पुढे ढकलली. एका दुपारी घड्याळजींच्या हातातून चिमटा निसटला. तो उचलायला वाकले, ते उठलेच नाहीत. शेजारच्या शिंप्याने त्यांना दवाखान्यात नेले.

आणखी काही घेतात का, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा त्यांच्या बायकोने नाही म्हणून सांगितले. व्हिटॅमिन तिच्या मनातही आले नाही. मुलीला मात्र बाटली आठवली. दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडले आणि मला डोळ्याला लावले. 'जीवनसत्त्व के. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.' तिने ते दोनदा वाचले आणि बाटली घेऊन ती डॉक्टरांकडे धावली.

त्या जीवनसत्त्वाने गोळीचा जोर कमी केला होता. झडपेवर धरलेली गुठळी मेंदूत गेली होती. ताई अजून म्हणते, "मी त्याच्या भल्यासाठीच दिली होती गं." तिला कोणी दोष देत नाही.

मित्रांनो, डॉक्टरांपुढे घरातली प्रत्येक बाटली ठेवा. नुसती ताकदीची गोळी असली तरी सांगा. आणि मनानेच काही सुरू करू नका, बंदही करू नका.

घड्याळजी आता कधीकधी दुकानात येतात. डाव्या हाताने मला डोळ्याला लावतात, उघड्या घड्याळात बराच वेळ पाहतात. कुठे काय अडले आहे ते त्यांना लगेच कळते. उजवा हात मांडीवर तसाच असतो.