टेपचं दुमडलेलं टोक

बेकरीवाल्या बाईंची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मला खरंच रडावंसं वाटलं. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. बाई उतरल्या, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि बाकावर जाऊन बसल्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. बारा दिवसांपूर्वी आम्ही त्यांच्या रेडिएटरचा जळालेला पंखा बदलला होता. तेव्हापासून गाडी मोकळ्या रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची आणि गर्दीत थांबली की तापायची. सकाळी चाळीस दुकानांत पाव पोचवणाऱ्या बाईने न थांबता कसं जायचं?

आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. गॅरेज त्यांचं, गेली काही वर्षं चालवते मी. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी एका गाडीचं ऑइल बदललं आणि खालचा नट आवळायचा राहिला. त्या माणसाच्या अंगणात ऑइलचं तळं झालं. त्याची बोलणी मी निमूट खाल्ली आणि सगळा राग बाबांवर काढला. आणखी एक चूक झाली की घरी बसायचं, असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "ठरलं." ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवला, त्याला मी हे ऐकवलं आणि ऐकवताना मला लाजही वाटली नाही, इतकी मी दमलेली होते. अजूनही दमलेलीच आहे. पण तो विषय वेगळा.

इंजिन निवल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रेडिएटरमध्ये पाणी पुरेसं होतं, गळती कुठेच नव्हती. थर्मोस्टॅट मागच्या खेपेलाच नवा घातला होता. रेडिएटर धुऊन काढला होता. फ्यूज चांगला, रिले चांगला. गाडी चालू करून ठेवली, काटा वर चढला आणि पंखा अगदी वेळेवर सुरू झाला. त्याच्या घरघरीत खोट काढायला जागाच नव्हती. मी हात टेकले. बाई बाकावरूनच म्हणाल्या की उद्या ओव्हनऐवजी याच इंजिनवर पाव भाजते. त्या हसल्या नाहीत, मीही हसले नाही.

बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून डब्यातले नट निवडत होते. त्या ऑइलच्या प्रकरणापासून मी त्यांना असलीच कामं देत होते, अगदीच अडलं तर हात लावू देत होते. ते उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि गाडीच्या पुढे येऊन ते जाळीसमोर धरलं. लहानपणी मी हे शंभर वेळा पाहिलं होतं. पंखा इंजिनाच्या बाजूने बाहेरची हवा आत ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटून बसायला हवा. त्यांनी पान सोडलं. ते गरम वाऱ्याने उडालं आणि माझ्या पायाशी येऊन पडलं.

पंखा उलटा फिरत होता. मोटरच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. गाडी पळत असली की समोरचा वारा कसंबसं निभावून न्यायचा. थांबली की आमचा नवाकोरा पंखा तापलेली हवा बाहेर ढकलत बसायचा. फिरतोय ना, एवढं बघून मी बारा दिवस पुढचं पाऊल टाकलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, जोडलं कोणी होतं? मी फक्त बाबांकडे पाहिलं.

"पंखा मी बसवला होता," बाबा म्हणाले. "तारा मीच जोडल्या असतील."

त्यांनी अंगातला एप्रन काढला, घडी घातली आणि स्टुलावर ठेवला. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "ठरलं होतं." मग चप्पल घालून घराकडे निघाले. घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. मी त्यांना अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. आता उद्यापासून एका डोळ्याने काम आणि दुसऱ्याने बाबा, हे बघत बसायला नको.

मग मी गाडीखाली शिरले, तारांचा जोड शोधला आणि तशीच पडून राहिले.

जोडावर काळी टेप होती. बाबा आयुष्यात कधी टेप लावत नाहीत. तार सोल्डर करायची, वर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवायची, ती लायटरने शेकायची, तेव्हा त्यांचं समाधान होतं. टेप लावते मी. आणि टेपचं टोक आत दुमडून ठेवते, पुढच्या वेळी नखाने शोधत बसायला नको म्हणून. टोक दुमडलेलं होतं. मग हळूहळू सगळं आठवलं. त्या दिवशी वीज गेलेली, दारात पाच गाड्या, नव्या मोटरचा सॉकेट जुळत नव्हता म्हणून तो कापून तारा थेट जोडायच्या होत्या. दोन्ही तारा काळ्या, एकीवर दोऱ्याएवढी पांढरी रेघ. कोणती कुठली ते बघायचा कंटाळा करून मी अंदाजाने जोडल्या होत्या आणि पुढच्या गाडीकडे वळले होते.

मी तारा सोडवल्या, बदलल्या, सोल्डर केल्या, स्लीव्ह घातली. कॅलेंडरचं पान उचलून जाळीसमोर धरलं. ते चटकन चिकटलं. अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवली, काटा मध्येच राहिला. बाईंना किल्ली देताना सांगितलं की चूक बाबांची नव्हती, माझी होती. त्या म्हणाल्या, मग हे त्यांना सांगा, मला काय सांगता.

गॅरेज तसंच उघडं टाकून मी घरी गेले. बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, समोर काहीच नव्हतं. एप्रन मी बरोबर आणला होता, तो त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, तो जोड माझा होता. टेप लावलेली आहे."

त्यांनी एप्रन जवळ ओढला. मला वाटलं रागावतील. मला ते हवंच होतं.

"मला आठवतच नव्हतं गं," ते म्हणाले. "खूप आठवून पाहिलं. तारा जोडल्या की नाही, काहीच आठवेना. म्हटलं, मग मीच असणार."

मी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले.

"मलाही आठवत नव्हतं, बाबा."

त्यांनी एप्रनची घडी उलगडली, पुन्हा घातली आणि मांडीवर घेतली. मग विचारलं, उद्या किती वाजता येऊ. मी म्हटलं, रोजच्या वेळेला या.