संकष्टीची सुकती

निवड चाचणीचं पत्र पंढरीने वाचून दाखवलं, तेव्हा त्याच्या बायकोने, गोजराने, पंचांग न उघडताच सांगितलं, "रविवारी संकष्टी हाय. नऊला पुरी सुकती, खाडीत पानी नसंल. तुमची होडी चिखलात बसंल."

पंढरीला ते ठाऊक होतं. तो पावणे गावच्या कारखान्यात फिटर, पण जन्म खाडीकाठचा. एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीच्या होडीत त्याची बारा वर्षं गेली होती, तीही सगळी तिथी बघून.

"मंग सांगा की सायबाला!"

"शिकलेली मानसं हायत. त्यांच्याकडं तक्ता असतो."

खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने भरतीची वेळ सांगितली, तेव्हा निवड करणारे संघटनेचे सेक्रेटरीसाहेब चारचौघांत म्हणाले होते, "या, पंचांगवाले बुवा!" सगळे खदखदून हसले. त्या दिवसापासून पंढरीच्या तोंडाला कुलूप लागलं. आणि आता तर पस्तिशी आली होती. यंदा राज्याच्या संघात नाव लागलं तर लागलं, पुढच्या साली बोलावतो कोण?

रविवारी नऊला खाडीच्या पुलाखाली पाणी नव्हतंच. नुसता काळा चिखल, त्यावर उड्या मारणारे निवटे मासे. साहेब रुमालाने नाक दाबून घड्याळाकडे बघत राहिले. दहाला म्हणाले, "असू दे. गेल्या वर्षीच्या वेळा धरू."

गेल्या वर्षी ऐन शर्यतीत पंढरीच्या वल्ह्याचं कडं तुटलं होतं. तो शेवटचा आला होता.

"साहेब, तीनला भरती हाय. थांबा जरा."

"मग आधी का नाही बोललास?"

जीप धूळ उडवत निघून गेली.

तीनला खाडी काठोकाठ भरली. पंढरीने रागारागाने होडी पाण्यात लोटली आणि शर्यतीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत असा काही सुटला की हातांचे फोड फुटले. काठावर गोजरा उपाशी बसली होती, हातात जपमाळ.

धापा टाकत तो काठाला लागला. "बघितलंस? किती लागला येल?"

"माज्याकडं कुठं घड्याल? चार माला झाल्या, वर अकरा मनी. कवा नाय एवढा बिगी आलात."

पंढरीने वल्हं चिखलात आपटलं.

"माला!" तो म्हणाला. "आता ह्या माला कोन सायेब लिवून घेल?"

चंद्र उगवायला अजून सहा तास होते. गोजराने होडीचं दुसरं टोक उचललं.