लिओन्सिओच्या नावाचं शेपूट

माझ्या भावाला कुठे नेलं? जो भेटला त्याला मी हेच विचारलं. पण पत्र्याच्या तुकड्याचं ऐकतो कोण?

मी एक छोटा पत्र्याचा तुकडा. दिसायला स्वल्पविरामासारखा, पण ओळीच्या पायाशी नाही, डोक्याशी बसणारा. माझा थोरला भाऊ म्हणजे इंग्रजीतला एस. इंग्रजांना 'लिओन्सिओचा बार' म्हणायचं असलं की नावामागे आम्हा दोघांना जोडावं लागतं. तुमचा 'चा' जे काम करतो, तेच आमचं. एकट्याने मात्र ते होत नाही.

अल्मेरियाच्या स्पॅनिश किनाऱ्यावर उन्हाळ्यात इंग्रज यायला लागले, तशी गावातल्या प्रत्येक बारवाल्याला नावामागे ही जोडी हवीशी झाली. लिओन्सिओच्या दारावर नावाची, त्याच्या वडिलांच्या वेळची लाकडी अक्षरं होती. त्यांच्यामागे लावायला आम्हाला गावच्या पत्रेवाल्या कासियानोने ऑलिव्हच्या तेलाच्या एकाच डब्यातून कापलं. आधी भाऊ, मग उरलेल्या कोपऱ्यातून मी. कासियानोला इंग्रजीचा गंध नव्हता. आपल्या स्पॅनिश स्वरांवर तिरकी रेघ असते तसलंच काही असेल, असं समजून त्याने मला भलत्याच बाजूला कलतं ठोकलं. भावाला दोन खिळे मिळाले, मला एक. वारा सुटला की मी गरगरायचो आणि भाऊ म्हणायचा, मला टेक.

खाली डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्या एउसेबिओने पहिल्याच दिवशी मान वर केली. "लिओन्सिओ, नावाला शेपूट फुटलं की रे."

"शेपूट हलवलं की इंग्रज येतात," लिओन्सिओ म्हणाला. "आणि ते एका कॉफीवर दिवस काढत नाहीत."

माझी शाळा भिंतीवरच झाली, तीही एका दुपारपुरती. लिओन्सिओची मुलगी निएवेस इंग्रजी शिकत होती. तिच्या बाईंनी सगळा वर्ग आमच्याखाली आणून उभा केला. माझा कल बघून बाई पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, इंग्रजीत आधी माणूस, मग वस्तू. निएवेस म्हणाली, आपल्याकडे तर आधी घर, मग घरवाला. पोरं हातातल्या वस्तूंवर सराव करू लागली: एउसेबिओची काठी, आईची कढई, बाबांचा पंचा. प्रत्येक नावामागे आमची जोडी. भाऊ इतका फुगला की खिळे करकरले.

मग एका हिवाळ्यात लिओन्सिओ बाटल्यांची पेटी उचलता उचलता खाली बसला, तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी दाराला निधनाचा काळ्या चौकटीचा कागद लागला. समुद्रावरून पूर्वेचा वारा सुटला होता. भाऊ सकाळपासून खडखडत होता. मी म्हणालो, धर. तो म्हणाला, धरलंय रे.

शवपेटी दारातून बाहेर आली आणि भावाचे दोन्ही गंजके खिळे एकदमच तुटले. तो रस्त्यावर पडला. पेटी खांद्यावर घेतलेल्या कुणाचा तरी बूट त्याच्यावर पडला. तो वाकला. वाऱ्याने त्याला घासत घासत उतारावरून नेलं, कोपऱ्यापलीकडे. कुणी पाहिलं नाही. त्यांचं माणूस गेलं होतं, ते कशाला बघतील? पण माझंही गेलं होतं. त्या उतारावर कधी वाकडा एस दिसला तर लाथ मारू नका, एवढंच मागतो.

मी विचार केला नाही. खिळा सोडला आणि उडी मारली. त्याच्या मागे जायचं होतं; पडलो निएवेसच्या पायाशी. तिने मला उचलून कोटाच्या खिशात टाकलं.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला दफनभूमीच्या भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात. गवंड्याने विटा रचल्या, वर ओला चुना फिरवला. संगमरवर येईपर्यंत त्या चुन्यातच नाव कोरतात. तो थापीच्या टोकाने कोरणार, तेवढ्यात लिओन्सिओची बायको रोसाउरा म्हणाली, "थांब. निएवेस लिहील."

"काय लिहू, आई?"

"नाव लिही. आणि तो कोणाचा होता तेही लिही. इंग्रजीत लिही. त्यात माझं नाव आधी येतं ना?"

"इंग्रजीत? लोक हसतील गं."

"हसू देत. माझा सगळा जन्म लिओन्सिओची म्हणून गेला. तो माझा होता, हे कुठल्या पाटीवर होतं?"

गवंडी म्हणाला, चुना सुकतोय, काय ते लवकर ठरवा.

निएवेसने खिसे चाचपले. टोकदार असं दुसरं काही नव्हतं. मी होतो.

माझ्या टोकाने तिने आईचं नाव कोरलं. मग थोडी जागा सोडली आणि पुढचं अक्षर काढायला लागली. वरची कमान आली तेव्हाच मी ओळखलं. मधलं पोट, खालचा बाक. माझ्याच अंगाने मी माझ्या भावाला काढत होतो. खडा लागला तिथे ती थबकली, मी जोर लावला. त्याच्यापुढे लिओन्सिओचं नाव आलं, त्याचाही हात मी सुटू दिला नाही.

शेवटी तिने मला पुसलं, सोडलेल्या जागेवर ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. चुना थंडगार होता. रोसाउराचं नाव आणि माझा भाऊ यांच्या मधोमध मी रुतलो, आणि घट्ट होईपर्यंत हललो नाही.