थोरल्या खोलीतला धूर

नवं वर्ष लागलं आणि तुदोराच्या शेगडीवर दूध तापेनासं झालं. निळी ज्योत आधी बोटाएवढी झाली, मग नखाएवढी. तिनं वाकून पाहिलं, चावी इकडे-तिकडे फिरवली. ज्योत एकदा थरथरली आणि विझली. खिडकीखालचा लोखंडी हीटर तर आदल्या दिवसापासूनच गार पडला होता. त्याला हात लागला की अंगावर काटा यायचा.

असं होणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण खरं कुणालाच वाटलं नव्हतं. गॅस निघायचा रशियातून, युक्रेनच्या जमिनीखालून यायचा आणि नीस्त्रू नदीच्या डाव्या काठावरच्या या चिंचोळ्या पट्टीत घराघरांत शिरायचा. त्या दोन देशांत लढाई जुंपली, तरी जमिनीखालची नळी मुकाट्यानं आपलं काम करत होती. आता करार संपला आणि युक्रेननं वाट बंद केली. दुसऱ्या वाटेनं पाठवा म्हटलं, तर रशिया म्हणाला, आधी जुनं कर्ज फेडा. नदीपलीकडचं किशिनाउचं सरकार, ज्याच्यापासून ही पट्टी कधीच फुटून निघाली होती, म्हणालं, कसलं कर्ज? युरोप म्हणाला, आम्ही मदत करतो. तर या काठाचे पुढारी म्हणाले, तुमची मदत नको. थोरामोठ्यांचं असं चाललं होतं आणि इकडे तुदोराचं दूध कच्चंच राहिलं.

दुपारी मुलाचा फोन आला. कॉर्नेल इटलीत पार्माला होता, हॅम सुकवण्याच्या कारखान्यात.

"आई, किशिनाउला मावशीकडे जा. तिच्याकडे हीटर चालू आहेत. मी तिच्याशी बोललोय."

"आणि घर?"

"घर कुठे पळून जाणार आहे?"

"थोरली खोली उंदीर खातील रे. तुझ्या लग्नाच्या रजया आहेत आत."

लग्न तर त्याचं होऊन गेलं होतं. पार्माच्या नगरपालिकेत, चार-दोन माणसांत, बेनेदेत्ता नावाच्या मुलीशी. तुदोरानं ते फोनच्या काचेवर पाहिलं होतं. पण गावात पंगत बसली नाही, वाजंत्री वाजली नाहीत, सुनेच्या डोक्यावरची ओढणी उतरवून रुमाल बांधला नाही, तर त्याला लग्न कोण म्हणणार? "उन्हाळ्यात येऊ, मग करू," असं कॉर्नेल म्हणाला होता. त्यानंतर कितीतरी उन्हाळे आले आणि गेले. पंगतीची बाकं मात्र अजून कोठारात उभी होती. कॉर्नेल पाळण्यात होता तेव्हा त्याच्या बापानं, जाहारनं, ती अक्रोडाच्या फळ्यांची केली होती. दरवर्षी ईस्टरच्या आधी तुदोरा त्यांना तेल लावायची.

"नाही येत मी," ती म्हणाली. "इथेच बरी आहे."

थोरली खोली, म्हणजे गावच्या भाषेत कासा मारे, ही काही राहायची खोली नव्हे. भिंतींवर लोकरीचे गालिचे, कोपऱ्यात देवाची तसबीर, आणि एका भिंतीला छतापर्यंत रचलेल्या उशा, रजया, कशिद्याचे रुमाल. त्या खोलीत तिघांचाच मान: पाहुण्याचा, नवरीचा आणि मेलेल्या माणसाचा. जाहारही तिथेच शेवटचा निजला होता, डोक्याशी मेणबत्त्या लावून. घरची माणसं मात्र स्वयंपाकघरामागच्या बुटक्या खोलीत राहायची.

वीजही आता पाळीपाळीनं जायची. पंप बंद, म्हणून गाव पुन्हा जुन्या विहिरीवर येऊ लागलं. तिथे ग्लाफिरा भेटली. रस्त्याकडेच्या दुमजली वसाहतीत ती एकटी राहायची. कुक्कुटपालन केंद्रातून निवृत्त झालेली आणि गोष्ट कुठलीही असो, आवाज चढवूनच बोलणारी. तिची मुलगी रशियात, स्मोलेन्स्कला. आज तिनं दोन कोट चढवले होते आणि डोक्यावर नवऱ्याची केसाळ टोपी.

"कांद्यासारखी दिसतेस," तुदोरा म्हणाली.

"सोलू नकोस, रडशील. सगळी त्या कीव्हवाल्यांची करणी, दुसरं काय!"

"घरात घुसून मारणाऱ्याच्या गाडीला आपल्या अंगणातून वाट देतं का कुणी?"

"हां, बोल, बोल! किशिनाउचा रेडिओ ऐकतेस ना तू. इतकी वर्षं मॉस्कोनं फुकट दिला, तो बरा गोड लागला!"

"फुकट होता म्हणूनच तर एका दिवसात गेला. विकतचा असता तर भांडता तरी आलं असतं."

टपालवाला येफिम बादली भरत होता. तो म्हणाला, "भांडा बायांनो, भांडा. तेवढीच ऊब."

ग्लाफिरा हसली, पण तिचे ओठ निळे पडले होते. वसाहतीच्या इमारतीला धुराडंच नव्हतं. ती बांधली तेव्हा गॅस येऊन चुकला होता. धुराडं हवं कुणाला?

तुदोरा घरी आली. बुटक्या खोलीत श्वासाची वाफ दिसत होती. इथेही पूर्वी सोबा होती, भिंतीत बांधलेली मातीची चूल. तिच्यावर अख्खं घर शेकायचं. गॅस आला त्या दिवशी जाहारनं ती हातोड्यानं फोडली. साऱ्या गावानं तेच केलं. मुलं तर पडलेल्या विटांवर नाचली होती. थोरल्या खोलीतल्या सोबाला मात्र तुदोरानं हात लावू दिला नाही. तिच्यावर आईनं आपल्या हातानं निळी फुलं काढली होती. तेव्हापासून ती नुसती शोभेला होती.

थोरल्या खोलीत विस्तव घालायचा, तिथे झोपायचं, म्हणजे काय ते तुदोराला कळत होतं. रजया उतरवाव्या लागणार. मुलाच्या नावानं जपलेली खोली जेवायची-निजायची होणार. राहत्या खोलीत मग वरात कशी यायची? ती दाराशी थोडा वेळ उभी राहिली. पायांची बोटं बधिर झाली तेव्हा तिनं कडी काढली.

द्राक्षवेलींची छाटलेली काटकी तिनं रचली, मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं घातली आणि काडी ओढली. जाळ छान धरला. मग धूर आला. पण तो वर जाईना. निळ्या फुलांमधल्या भेगांतून, चुलीच्या दाराच्या फटींतून तो खोलीत पसरू लागला. तुदोरा खोकत खिडकीकडे धावली. खिडकी फुगून बसलेली. तिनं ढकलली, बुक्क्या मारल्या, तेव्हा कुठे ती उघडली आणि धुराचा लोट अंगणात गेला.

"तुदोरा! जिवंत आहेस का गं?" ग्लाफिरा बादली घेऊन पळत आली. वसाहतीच्या वरच्या मजल्यावरून तिला सगळं दिसायचं. तिनं मागचा-पुढचा विचार न करता बादली चुलीत रिकामी केली. फस्स करून राख उडाली आणि दोघींची तोंडं काळी झाली.

"आईच्या फुलांवर पाणी ओतलंस!"

"मग काय तुझ्या मढ्यावर ओतू? धुराडं बंद असताना विस्तव कसा घातलास बाई?"

तेव्हा तुदोराला आठवलं. गॅस आला त्याच दिवशी जाहार माळ्यावर चढला होता. वारा येतो, कावळे घरटी करतात म्हणून धुराड्यात त्यानं काहीतरी कोंबलं होतं. तिनं खालून विचारलंही होतं, "पुन्हा लागलं तर?" तो वरून हसला होता: "लागायला काय, गॅस संपतोय होय?"

दोघी शिडीनं माळ्यावर चढल्या. आधी तुदोरा, मागून तिला रेटणारी ग्लाफिरा, तोंडानं सगळ्या संतांची नावं घेत. धुराड्याचं झाकण काढून त्यांनी आकडीनं ओढायला सुरुवात केली. काड्या आल्या, पिसं आली, आणि मग जोर लावल्यावर एक काळंकुट्ट बोचकं बाहेर पडलं. जाहारचा कापूस भरलेला कामाचा कोट.

"खिशात बघ काही आहे का," ग्लाफिरा म्हणाली.

तुदोरानं खिसे उलटे केले. "काजळी."

"नवऱ्यांचं असंच," ग्लाफिरा म्हणाली, आणि दोघींना हसू आवरेना.

दुसऱ्यांदा विस्तव घातला तेव्हा धूर सरळ वर गेला. भिंत हळूहळू कोमट झाली, मग ऊन. निळ्या फुलांवर पाण्याचे ओघळ होते, ते वाळले. ग्लाफिरानं केसाळ टोपी काढली. आतले पांढरे विरळ केस डोक्याला चिकटले होते.

"जाते मग," ती म्हणाली, पण उठली नाही.

"बस की. एवढी ऊब मी एकटी घेऊन काय करू?"

ती चहापुरती बसली आणि राहिलीच. तुदोरानं भिंतीजवळच्या रजयांचा ढीग वरून खाली उतरवला. नव्याकोऱ्या रजईत शिरताना दोघींनाही चोरी केल्यासारखं वाटलं.

दिवस जाऊ लागले. मक्याच्या पिठाचा मामालिगा शिजायचा, दोऱ्यानं कापून त्याच्या वड्या मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर खायच्या. ग्लाफिराला तो मऊ आवडायचा, तुदोराला घट्ट. वीज आली की ग्लाफिराला मॉस्कोच्या बातम्या हव्या आणि तुदोराला किशिनाउच्या. भांडण असं रंगायचं की तेवढ्यात वीज परत जायची आणि दोघींना एकदमच गप्प व्हावं लागायचं. जानेवारीच्या मध्यात येणाऱ्या जुन्या कॅलेंडरच्या नववर्षाला मुलं दारोदार गहू पेरत फिरतात, घरात दाणे उधळून सुबत्ता मागतात. यंदा कुणी आलं नाही. गावात मुलं होतीच किती? ग्लाफिरा म्हणाली, "मग आपणच पेरू." गहू नव्हता म्हणून तिनं गालिच्यावर तांदूळ उधळले, आणि संध्याकाळपर्यंत दोघी ते वेचत बसल्या.

काटक्या संपल्या. बुरकुंडं संपली. कुंपणाचा मोडका भागही चुलीत गेला. एका दुपारी ग्लाफिरा बाहेरून आली नि म्हणाली, "कोठारात चांगलं वाळलेलं लाकूड आहे की."

"ती बाकं आहेत."

"दिसतंय ते. कुणाची?"

तुदोरा अंगणात गेली. तिथे फोनला रेंज बरी यायची. नदीपलीकडच्या टेकडीवर खिडक्या उजळू लागल्या होत्या. त्या काठाला महाग का होईना, वीज होती. अलीकडे नुसता करडा बर्फ. तिनं कॉर्नेलला फोन लावला.

"आई? सगळं ठीक ना?"

"ठीक. एकच विचारते, सरळ सांग. उन्हाळ्यात येणार ना तुम्ही? पंगतीला?"

कारखान्यातली यंत्रं मागे घुरघुरत होती. "बेनेदेत्ताला दिवस गेलेत, आई. सांगणारच होतो तुला. त्यात तिकडची ही परिस्थिती... बघू. पुढे कधीतरी."

"बाळ कसं आहे? ती जेवते ना नीट?"

"जेवते."

"तिला आंबट दे. मला तुझ्या वेळेला आंबटच हवं असायचं."

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. आनंदाची बातमी होती. ती कुणाला सांगावी म्हणून तिनं सवयीनं कोठाराकडे पाहिलं, जाहार तिथे रंधा मारत असायचा. मग तिनं कुऱ्हाड घेतली.

अक्रोडाचं लाकूड, तेल प्यायलेलं. पहिल्याच काडीला धडधडून पेटलं. ग्लाफिरा जाळाकडे बघत होती. मग आवाज न चढवता म्हणाली, "माझी लेक तर सहा वर्षं आली नाही. नुसते फोटो पाठवते."

"मला आता नातवंड होणार आहे."

"अगं मग हे आधी नाही का सांगायचं?" आणि तिनं तळघरातून वाइनची सुरई आणली, जणू तळघर तिचंच होतं.

फेब्रुवारी उजाडला आणि एके सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला. गॅस आला होता. कुणाच्या पैशानं, कुठल्या वाटेनं, यावर विहिरीवर चार मतं होती. युरोपनं पैसे दिले म्हणे. छे, मॉस्कोनं. येफिम म्हणाला, "पोळी कुणाची ते नंतर बघू, आधी गरम करा." बुटक्या खोलीतला हीटर टकटक वाजला आणि तापू लागला. तुदोरानं त्यावर हात ठेवला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं होतं, आणि तिनं वळून थोरल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

ग्लाफिरानं दोन्ही कोट अंगावर चढवले. टोपी हातात घेतली.

"नळ फुटलेत का बघायला हवं," ती म्हणाली.

"हो, बघायला हवं."

"रजया धुऊन देऊ का?"

"राहू दे गं."

ती गेली. तुदोरा बुटक्या खोलीत परत आली. खोली उबदार होती, दूध शेगडीवर दोन मिनिटांत उतू गेलं. रेडिओ लावला तर किशिनाउची बातमी कुणी तोडेना. मामालिगा तिनं हवा तसा घट्ट केला, आणि उरला तो ताटात तसाच वाळला. असे काही दिवस गेले. थोरल्या खोलीत रजया अजून जमिनीवरच होत्या, तांदळाचा एक दाणा गालिच्यात अडकलेला. पुन्हा सगळं छतापर्यंत रचायचं तिच्या मनात येईना. कुणासाठी रचायचं?

एका बाकाला तिनं हात लावला नव्हता. त्या दुपारी तिनं ते कोठारातून ओढत आणलं आणि सोबाच्या समोर ठेवलं. मग हीटरची चावी बंद केली. जाहारनं लावलेल्या वेलींची या आठवड्यात छाटलेली काटकी ओलीच होती. मुद्दाम तीच तिनं चुलीत घातली. धुराड्यातून दाट पांढरा धूर निघाला आणि वाऱ्यावर वसाहतीकडे कलला.

ती अंगणात जाऊन कपडे वाळत घालू लागली. कपडे दोनच होते. ते तिनं परत परत काढून वाळत घातले.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"तुदोरा! अगं, धूर कसला?"

"थंडी वाजते."

"गॅस आला ना तुझ्याकडे?"

वसाहत आणि ही गल्ली एकाच नळीवर होती. हे ग्लाफिराला ठाऊक होतं, तुदोरालाही, आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही.

"आला होता," तुदोरा ओरडली. "परत गेला."

ग्लाफिराच्या उघड्या खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, आतला हीटर चांगलाच तापला असणार.

"माझ्याकडेही जोर नाहीये त्याला," ती म्हणाली. "थांब, टोपी घालून येते."

तुदोरा आत गेली आणि मामालिग्यासाठी पाणी ठेवलं. या वेळी ती पीठ जरा कमी घालणार होती.