थोरल्या भावंडाचा भात

माझ्या भाचीचं, सारिपाचं, बाळ दोन दिवस दूध ओढत नव्हतं. दवाखान्याच्या औषधानेही गुण येईना, तेव्हा माझी आई सगळ्यांवर डाफरली, "त्याचं थोरलं भावंड उपाशी आहे, आणि तुम्ही बाटल्या कसल्या हलवत बसलात!"

थोरलं भावंड म्हणजे बाळाची वार. आम्हा समुद्रावरच राहणाऱ्या बाजो लोकांत बाप ती करवंटीत घालतो आणि बुडी मारून पोवळ्यांच्या खडकात ठेवतो. एक भावंड घरात वाढतं, दुसरं समुद्रात. समुद्रातलं रुसलं की घरातलं झुरतं.

आम्ही भात घेऊन होडीने निघालो. सारिपा बाळाला छातीशी धरून बसली होती. तिच्या नवऱ्याने, जुमार्दिनने, बुडी मारली. वर आला तो तोंड पाडूनच.

"आत्या, सगळा खडक मरून पांढराफटक पडलाय," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "करवंटीभोवती नुसता प्लास्टिकचा चुरा."

गेल्या वर्षी खडक तपासायला आलेली बाई म्हणाली होती, पोवळी हा चुरा अन्न समजून गिळतात, पोट भरतं आणि भुकेनेच मरतात. मला तेव्हा ती काहीतरीच बोलते असं वाटलं होतं.

आईने भात पाण्यात सोडला. माशांनी खाल्ला की तो थोरल्याला पोचला असं आम्ही समजतो. तिला मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नाही. "मासे खातायत का गं?"

"खातायत, आजी!" सारिपा ओरडली. "बघ ना, कसे तुटून पडलेत!"

मासे खरंच वर येऊन पांढरे दाणे मटकावत होते. पण भात तर कधीच तळाला गेला होता. तरंगत होते ते दाणे आमचे नव्हते, प्लास्टिकचे होते. सारिपा दोन दिवसांत पहिल्यांदा हसत होती, म्हणून मीही म्हटलं, "खातायत."

नैवेद्य खाल्लेला मासा बाळंतिणीला दिला की बाळ दूध ओढू लागतं, असं आमच्या घरात मानतात. जुमार्दिनने त्यातलाच एक भाल्याने मारला. घरी येऊन मी तो ओट्यावर चिरला. आई शेजारीच बसली होती. माशाच्या पोटातून तिने चाचपून एक दाणा उचलला.

"बघ, आपलाच भात! घेतला बाई त्याने." तिने तो कौतुकाने बोटांत चुरडू पाहिला. चुरडेना. दातांखाली धरला. तरी फुटेना.

"आत्या, रस्सा झाला का?" आतून सारिपाने हाक मारली. "आता पिईल बघ हा!"

"फेकून दे तो मासा," आई हळूच म्हणाली.

मी उचलला आणि थांबले. आमचं घर खांबांवर, खाली समुद्रच. तिथे टाकला तर तो त्या थोरल्याच्याच ताटात जाणार.

आईलाही ते कळलं असावं. तिने माझ्या हातातून मासा काढून घेतला आणि मांडीवर ठेवून रडत बसली. आत बाळ मात्र आता रडतही नव्हतं.