वच्छलाबाईंची दाढ

वच्छलाबाईंना नुसती शिंक आली तरी त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे जायच्या. तोही अँटिबायोटिकच्या दोन-चार कॅप्सूल पुडीत बांधून हातावर ठेवायचा. अख्ख्या मनीषनगरात हाच रिवाज, एकट्या बाईंना काय बोलायचं!

पण त्याच कॅप्सूल नडल्या. लेकीचं, रोशनीचं, मोठं आतडं कित्येक वर्षं सुजलेलं. रक्त पडायचं, औषधं थकली, आता आतडं काढून पोटाला पिशवी लावायची पाळी आली होती. सदर भागातल्या पोटाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "एक उपाय करून पाहू. निरोगी माणसाच्या शीमधले चांगले जंतू दुर्बिणीतून हिच्या आतड्यात सोडू. गुण येईलच असं नाही."

रोशनीच्या बाबांना साखर, ते बाद. बाई पुढे सरसावल्या. "माझी घ्या! हिची दुपटी मीच धुतली, आता हिची पाळी."

"अँटिबायोटिक कधी घेतली होती?"

"मागच्याच हप्त्यात. सर्दी होती ना."

"त्यानं चांगले जंतूही मरतात. आता तीन महिने असली एकही गोळी नको."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साध्या सर्दीपायी पोरीचे तीन महिने घालवले! घरी येताच त्यांनी डब्यातल्या सगळ्या पुड्या कचऱ्यात फेकल्या.

आणि नेमकी तिसऱ्या महिन्यात दाढ ठणकायला लागली. गाल टम्म फुगला. रोशनीच मेडिकलवाल्याकडची गोळी आणि पाणी घेऊन आली.

"घे वं आई. माझं पाहू नंतर. काहून एवढा त्रास सहन करून राहिली?"

"चूप बस," म्हणत बाईंनी चपला घातल्या आणि थेट दातांचा दवाखाना गाठला.

"दाढ वाचवता येईल, पण अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्याव्या लागतील," दातांचे डॉक्टर म्हणाले. "उपटली तर बहुतेक गोळ्यांशिवाय भागेल. ताप आला तर मात्र गोळ्या घ्याव्याच लागतील."

"उपटा."

रात्रभर बाई कपाळाला हात लावून पाहत होत्या. त्यांना भीती वाटत होती, दाढेची नाही, तापाची. ताप आला नाही.

तीन महिने भरल्यावर बाईंच्या सगळ्या तपासण्या नीट निघाल्या. मॅडमनी विचारलं, "मधे एखादी गोळी?"

बाईंनी आ करून खिंडार दाखवलं. मॅडम हसल्या. "उद्या सकाळी या."

रोशनीला मात्र रडू फुटलं.

"रडते काहून वं?" बाई म्हणाल्या. "नीट सांभाळजो माझे जंतू. दाढ देऊन जपले मी."