करंट बंद असताना

“मुलगी गुणाची आहे रे, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. डोक्याला करंट बसू दे जरा, निदान बोलती तरी होईल!”

दाराबाहेर सासूबाईंनी मुलाला म्हटलेलं हे वाक्य स्वानंदीसाठी नव्हतं. पण तिनं ते ऐकलं, आणि तिच्या डोक्यावर होते म्हणून मीही.

मी टोपी बोलतेय, रियाधच्या एका मेंदूच्या प्रयोगशाळेतली. ताणणारं कापड, त्यात भोकं, भोकांत मीठपाण्यात भिजवलेले स्पंज. दिसायला पोहायच्या टोपीची गरीब बहीण. माझ्यातून अगदी हलका करंट जातो, कातडीवर मुंगी चालावी इतकाच. मेंदूच्या प्रत्येक भागाचा आपापला ठेका असतो. लेझीमवाल्यांना शिट्टी मिळावी, तशी मी त्यांना लय देते. लांबलांबचे भाग एका लयीत आले, तर त्यांचं आपसातलं दळणवळण सुधारतं का, हे नूरैन मॅडमना शोधायचंय. कधी लय जुळते, कधी नाही. मॅडम हैदराबादच्या, घाईनं काही ठरवत नाहीत.

स्वानंदी लग्न होऊन नुकतीच इथे आली. नवरा चैतन्य बँकेत. त्यानंच तिचं नाव प्रयोगात दिलं. सासूबाई पद्मिनीताई व्हिजिट व्हिसावर आलेल्या. पहिल्या दिवशी पोरीचं डोकं खोबरेल तेलानं नुसतं निथळत होतं.

“डोक्याचं काम ना, म्हणून चांगलं चोळून दिलंय,” सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

“अरे आंटी, तेल से तो करंट ही अटक जाता है!” मॅडमनी तिघांना परत पाठवलं.

तेल लावून येऊ नका, हे स्वानंदीनं आधीच वाचलं होतं. पण सासूबाईंचा प्रेमाचा हात डोक्यावर असताना तिला ते सांगवलं नाही.

दुसऱ्या खेपेला आली ती कोरड्या केसांनी, आणि तेव्हाच ते बोलती होण्याचं वाक्य कानावर पडलं. त्यानंतर घरात “आई, आज तेल नको” असं ती स्वतःहून म्हणाली. “बघ, लागू पडला करंट!” सासूबाई खूश. मग इथल्या, रविवारी आठवडा सुरू होणाऱ्या भारतीय शाळेनं गणित शिकवायला बोलावलं, तेव्हा “मी जाणार” म्हणाली. त्यावर मात्र सासूबाई चैतन्यला म्हणाल्या, “हे तिचं नाही, यंत्राचं बोलणं. उतरलं की गप्प बसेल. शाळेला इतक्यात काही कळवू नकोस.” तो हसला आणि शाळेला कळवायचं थांबला. केस विंचरता विंचरता तिनं हे सगळं मॅडमना सांगितलं.

मी आतल्या आत हसत होते. परिणाम खरा की भास, हे ताडून पाहायला काही जणांचा करंट सुरुवातीच्या गुदगुल्या होताच संगणक गुपचूप बंद करतो. स्वानंदी त्यांतलीच. मॅडमनाही हे ठाऊक नव्हतं, मला होतं. न केलेल्या कामाचं एवढं श्रेय मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

आज शेवटच्या दिवशी मॅडमनी संगणकात पाहून तिला ते सांगितलं. ती ओढणीत तोंड लपवून हसली.

मी आता खुंटीवर वाळतेय. इलॅस्टिक सैल झालंय, तरी मजेत आहे. विनंती एवढीच, की माझ्याखालून उठून कुणी चार शब्द बोललं, तर ते आधी त्याचेच समजा.

बाहेर सासूबाई म्हणतायत, “संपलं एकदाचं. आता शाळेचंही विसरेल.”

कपाळावरचं मीठपाणी पुसत स्वानंदी दारात उभी राहिली.

“आई, माझा करंट बंदच होता. शाळेचं मीच बोलले, आणि रविवारपासून जाणार आहे. आता घरी गेल्यावर तेल लावून द्या. आज चालेल.”